खुल्या यादीतलं नाव

जठारपेठेतल्या आमच्या घरी संध्याकाळची जेवणं लवकर होत, कारण जेवणानंतर वडिलांना दुसऱ्या दिवशीच्या खटल्यांचे कागद वाचायचे असत. स्वयंपाकघरात जमिनीवर पाट मांडण्याचं काम माझं होतं. पंपाच्या स्टोव्हचा घरघराट बंद झाला की घरात एकदम शांतता पसरे आणि मग जिनिंग फॅक्टरीचा भोंगा ऐकू येई. भोंगा झाला की फाटक वाजे आणि रवी आत येई. दादा आणि मी, आई-वडील आणि रवी अशी पानं असत. दादाच्या अकरावीपासून बारावीच्या निकालापर्यंत रवी तायडे जवळजवळ रोज आमच्या घरी जेवला. तो मूर्तिजापूरचा. अकोल्यात सरकारी वसतिगृहात राहायचा. खोलीत मुलं जास्त आणि टेबल एक, त्यामुळे अभ्यासाला त्याला जागा नव्हती. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, श्रीकांतचं, गणित चांगलं होतं आणि रवीचं रसायनशास्त्र. दोघांनी एकमेकांना धरलं आणि आईने रवीला जेवायला धरलं.

आईच्या हाताला चव होती आणि वाढताना ती हात आखडत नसे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, रविवारी वरणफळं. रवीला ताट तेच, वाटी तीच, पाटही तोच. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे घडलं त्यामुळे हे खोटं ठरत नाही. आईची त्याच्यावर माया होती. त्याला खोकला झाला तर ती त्याच्यासाठी आल्याचा काढा करून ठेवी. एकादशी-चतुर्थीला आईचा उपास असे, तेव्हा तिच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी आधी रवीच्या वाटीत पडे, कारण ती त्याला आवडायची. फक्त घरी कोणी पाहुणे आले की आई एक वाक्य हमखास म्हणे. "आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत हो. रवी आमच्या पंगतीलाच बसतो." हे वाक्य ती रवीच्या समोर म्हणे. पाहुणे रवीकडे बघत आणि रवी भातात आळं करत बसे.

एकदा असे पाहुणे गेल्यावर तो मला म्हणाला, "बेबी, काकूले सांग, मले पाह्याले तिकीट लावा म्हना. अर्धे पैसे माहे."

दादा खो खो हसला. मीही हसले. चौदा वर्षांच्या मुलीला ते विनोद म्हणूनच कळलं.

निकाल लागला तेव्हा दोघांना चांगले मार्क होते, रवीला दादापेक्षा जास्त. आईने दोघांना एकाच निरांजनाने ओवाळलं आणि पेढ्यांचा पुडा रवीच्या हातात दिला, घरी न्यायला. तो मूर्तिजापूरला गेला. काही दिवसांनी वडील आणि दादा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी बघायला गेले आणि त्याच संध्याकाळी परत आले. त्या जेवणातलं बोलणं मला जवळपास शब्दशः आठवतं. पुढे वर्तमानपत्रात काम करताना इतरांचं बोलणं टिपून घ्यायची सवय लागली. त्याआधीचं एवढंच एक संभाषण माझ्याकडे इतकं पक्कं आहे.

"श्रीकांत प्रतीक्षा यादीत पहिला आहे," वडील म्हणाले.

"म्हणजे मिळाली?"

"म्हणजे वरचा एक जण गळला तर मिळाली."

"आणि रवी?"

"रवी खुल्या यादीत आहे. त्यांच्या राखीव यादीतही आहे. तिथे तर पहिलाच."

"दोन्हीकडे कसा?" आईने वाढता हात थांबवला.

"मार्क आहेत म्हणून." वडिलांनी समजावून सांगितलं. खुल्या यादीत सगळ्यांचीच नावं मार्कांच्या क्रमाने लागतात. राखीव गटातल्या मुलाला तेवढे मार्क असतील तर त्याचं नाव खुल्या यादीतही येतं. मुलाखतीच्या दिवशी त्याला विचारतात, खुली जागा घेणार की राखीव.

"मग त्याने राखीव घेतली तर?"

"तर खुल्यातली एक जागा सुटेल."

 आईने दादाच्या पानात भात वाढला आणि त्यावर जरा जास्तच तूप घातलं.

"आई, मी रवीला असलं काही विचारणार नाही," दादा म्हणाला.

"तू कशाला विचारतोस? तू जेव."

"वडीलधाऱ्यांनी विनंती करायला कायद्याची आडकाठी नाही," वडील म्हणाले. "मी जाणं बरं दिसणार नाही. तू जा. बायकाबायकांत बोलणं सोपं असतं."

बातमीत कोण काय म्हणालं ते आधी लिहावं, असं मी पुढे कितीतरी नव्या मुलांना शिकवलं. तोच नियम इथे लावते. कल्पना आईची होती. वाट वडिलांनी दाखवली. दादा एकदाच नको म्हणाला. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मीही जा म्हटलं असतं. आम्हा चौघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, हे आपल्याच माणसाकडे मागणं आहे, असं घरातलं वातावरण होतं.

दोन दिवसांनी आई सकाळी लवकर उठली आणि तिने सांबारवड्या केल्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मसाला लावलेला सांबार पारीत गुंडाळून तळतात. रवीला त्या फार आवडत. आम्ही दोघी पोळी-भाजी खाऊन निघालो. पॅसेंजर गाडीने मूर्तिजापूरला उतरलो. रवीचं घर रुळांच्या पलीकडच्या वस्तीत होतं. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते आणि त्या वेळी ड्यूटीवर होते. त्याची आई हंगामात कापूस वेचायला जायची. रवी जवळजवळ दोन वर्षं आमच्या घरी जेवला, पण त्याच्या घरी आम्ही पहिल्यांदाच जात होतो, हे मला रूळ ओलांडताना लक्षात आलं. आईला आलं होतं की नाही, माहीत नाही.

घर कौलारू होतं, अंगण सारवलेलं. रवीने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि तो धावत आला. "माय! काकू आल्या! अकोल्याच्या काकू!" शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या. रवीच्या आईने हातातलं काम टाकलं, पदराला हात पुसले. उंच बाई, आवाज मोठा.

"या बाई, या. हा पोट्टा घडीघडी तुमचंच नाव घेते. काकूनं हे केलं, काकूनं थे केलं. म्या म्हनलं, मले त तुही काकू एकडाव पाहाच लागते." मग माझ्याकडे वळून, "अन् हे बेबी का? हे त लय लहान हाये वं! हा त सांगे, बेबी माह्यासंग भांडते."

खाटेवर एक नवी चादर घातली गेली. ती शेजारणीने आणून दिलेली मी पाहिली. त्यांना वाटलं होतं आम्ही रवीचं कौतुक करायला आलो. शेजारणी आईला सांगत होत्या की वस्तीतला इंजिनिअरिंगला जाणारा हा पहिला मुलगा. आई हसून मान हलवत होती. तिने सांबारवड्यांचा डबा पुढे केला.

"हे राहू द्या, पह्यले जेवा," रवीची आई म्हणाली. "भाकरी गरमच हायेत. वांग्याची भाजी हाये."

"नको हो," आई म्हणाली. "माझा आज उपास आहे."

रवी दारात उभा होता. आमच्या घरातले सगळे उपास त्याला माहीत होते. उपासाच्या खिचडीचा पहिला घास त्याचा असे. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अंगणातल्या शेळीकडे बघत राहिले.

"कायचा उपास, बाई?"

"चतुर्थी."

"मंग काय झालं? रवी, जाय, दुकानातून साबुदाना आन. अन् शांताकडून गिलासभर दूध घेजो. खिचडीले भिजवाले लय टाइम लागते, खीर करतो." शेजारीण काहीतरी म्हणाली, त्यावर तिने उत्तर दिलं, "आमी उपास सोडले म्हनून पाव्हनीचा मोडू का?"

 "आनतो," रवी म्हणाला आणि गेला.

ज्या बाईने सकाळीच दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, तिच्यासाठी ज्या घरात कोणी उपास करत नाही त्या घरात साबुदाणा आणायला तो मुलगा गेला, आणि उपास खोटा आहे हे त्याला माहीत होतं. चाळीसएक वर्षं मी माणसांविषयी लिहिलं. कोणाच्या वागण्याचं वर्णन करताना शब्द अपुरे पडल्याची तक्रार मी केली नाही. इथे मात्र एवढंच लिहून थांबते.

मला ताट आलं. मी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. भाजीत कारळाची चटणी होती आणि ती तिखट होती. चुलीवर खीर शिजत होती. शेजारणी आपापल्या घरी गेल्या आणि रवी परत येऊन उंबऱ्यावर बसला, तेव्हा आईने विषय काढला. तिने आडवळणाने सांगितलं, श्रीकांत किती रडला वगैरे. दादा रडला नव्हता. रवीच्या आईला नीट कळेना, तेव्हा आई सरळ बोलली.

"रवीला कुठूनही मिळतेच आहे. त्याने खालच्या यादीतून घेतली तर त्याचं काही जात नाही, आणि माझा श्रीकांत लागतो."

"खालची यादी म्हन्जे कोनती?"

"तुमची."

रवीच्या आईने खीर ढवळली. "आमची. मंग रवी थ्या यादीत बसला, त थ्या यादीतलं शेवटचं लेकरू उठन ना?"

"तुमच्या लोकांचं काय हो, पुढच्या वर्षीही मिळेल. कमी मार्कांवरसुद्धा मिळते."

आई हे चिडून बोलली नाही. आमच्या घरात पोळी वाढताना ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली. वर्षानुवर्षं मी इतरांच्या मजकुरातली वाक्यं कापली, सौम्य केली, दुरुस्त केली. हे वाक्य मला कधी संपादित करता आलं नाही.

उंबऱ्यावरून रवी म्हणाला, "घेतो मी तिथून. माय, राहू दे. मी काकूच्या घरी दोन वर्षं जेवलो."

आई एकदम त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ती आशा होती. त्याला दुसरा शब्द नाही.

रवीच्या आईने पळी भांड्याच्या काठावर आपटली. "जेवला त जेवला. आमी कोनाले जेवू नाई घातलं काय? आज जेवनापायी खाली बसशीन, उद्या नोकरीतही म्हनतीन, तायडे, जरा खाली बस. मंग तू बसतच राहाशीन." मग ती आईकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमी माह्या लेकराले पोसलं. मी नाई म्हनत नाई. तुमचा श्रीकांत आमच्या घरी धाडा. दोन वर्षं नाई, चार वर्षं जेवू घालतो, कपड्यालत्त्यासकट. जेवनाचं जेवनानं फेडन मी. पन सीट नाई देत. नाव वरच्या यादीत लागलं, थो वरूनच घेईन."

"मी आपलं विचारलं," आई म्हणाली.

"विचारलं त विचारलं. विचाराले काय लागते?" तिने वाटीत खीर वाढली आणि आईच्या पुढे ठेवली. "घ्या. उपाशी आल्या, उपाशी नोका जाऊ."

आईने खीर खाल्ली. सगळी खाल्ली. वाटी उष्टी टाकली असती तर मला कदाचित बरं वाटलं असतं. निघताना रवीच्या आईने आमचा डबा रिकामा केला, धुतला आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून त्यात तुरीची डाळ भरून दिली. रवी स्टेशनापर्यंत आला.  गाडी सुटताना त्याने नेहमीसारखं "येतो काकू" म्हटलं नाही. "जा काकू, सांभाळून" म्हणाला. गाडीत बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "खीर जरा जास्तच गोड होती." घरी आल्यावर तिने ती डाळ भांडीवाल्या बाईला देऊन टाकली.

मुलाखतीच्या दिवशी अमरावतीला वडील, दादा आणि मी गेलो. माझी मावशी तिथे राहायची, तिच्याकडे मला सोडायचं होतं. पण आधी आम्ही कॉलेजात गेलो. मोठ्या हॉलमध्ये मुलं आणि बाप बसले होते. टेबलामागून नावं पुकारली जात होती. रवीचं नाव आलं. तो एकटाच आला होता, इस्त्रीच्या शर्टात. टेबलामागच्या माणसाने कागद चाळले आणि विचारलं, "खुली की राखीव?"

 रवीने मागे वळून हॉलकडे पाहिलं आणि त्याला दादा दिसला. दोघांची नजर किती वेळ एकमेकांवर होती, ते मी सांगू शकत नाही. त्या वेळात त्याने "राखीव" म्हणावं असं मला वाटत होतं, आणि बहुधा दादालाही.

"खुली," रवी म्हणाला.

वडील शेजारी बसले होते. ते हळू आवाजात, पण पुढच्या रांगेला ऐकू जाईल इतपत म्हणाले, "शेवटी जात दाखवलीच." पुढच्या रांगेतल्या एका माणसाने वळून पाहिलं आणि तो समजूतदारपणे हसला. माझे वडील सभ्य गृहस्थ म्हणून अकोल्यात ओळखले जात. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. त्यासाठी त्यांना एकच प्रसंग पुरला.

जाताना रवी दादापाशी थांबला. "श्री, वेटिंग हालते बे. संध्याकाळलोक थांब." दादाने मान हलवली. वडिलांनी रवीकडे पाहिलं नाही. प्रतीक्षा यादी हलली नाही. दादाने बी.एस्सी. केलं, बँकेत लागला, मॅनेजर होऊन निवृत्त झाला. अमरावतीला चांगलं घर बांधलं. त्याचं आयुष्य वाया वगैरे काही गेलं नाही.

मात्र घरात गोष्ट बदलत गेली. आधी मावशीच्या तोंडून ऐकली, मग आईच्या, मग दादाच्या लग्नाच्या बोलण्यात मुलीकडच्यांना सांगितली गेली: श्रीकांतची सीट कोट्यात गेली. कोणी ठरवून रचली नाही. एकेक शब्द गळत गेला. आधी मार्क गळले, मग खुली यादी गळली, मग मूर्तिजापूर गळलं. मी दोन-तीनदा मध्ये बोलले. "तू पेपरवाली, तुला सगळीकडे चुका दिसतात," असं हसून सांगितलं गेलं आणि पानात काहीतरी वाढलं गेलं. रवी पाटबंधारे खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाला. आई गेली तेव्हा तो भेटायला आला होता. दादाशेजारी अर्धा तास बसला. एका नातेवाइकाने हे कोण, म्हणून विचारलं. "जुने मित्र," दादा म्हणाला. रवी गेल्यावर त्याच नातेवाइकाने मला विचारलं, तोच का तो, ज्याने श्रीकांतची सीट घेतली?

मागच्या वर्षी मी अमरावतीला दादाकडे होते. त्याची नात तन्वी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. तिच्या क्लासमधल्या एका मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि तिचे मार्क किती कमी होते ते तन्वी जेवताना तावातावाने सांगत होती.

"आजोबांचं पण असंच झालं ना, आत्याआजी? त्यांची सीट कोट्यात गेली ना?"

"नाही," मी म्हटलं. "तो मुलगा खुल्या यादीत लागला होता. त्याला आजोबांपेक्षा जास्त मार्क होते."

"किती जास्त?"

मला आठवेना. मी तसं सांगणार होते.

"अकरा," दादा म्हणाला.

त्याने मान वर केली नव्हती. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाआधीपासून तिने दुसरीच गोष्ट ऐकली होती. तन्वीने हातातला घास ताटात ठेवला.

"अकरा मार्क जास्त? मग ती तुमची सीट कशी होती, आजोबा?"

दादाने भात कालवला. बराच वेळ कालवत राहिला.

"नव्हती," तो म्हणाला.